वास्को काउंटी : आश्रमाआधीची आणि नंतरची

पुण्यातल्या कोरेगाव पार्कचा आश्रम सोडून रजनीश १९८१ साली अमेरिकेला गेले. तिथे त्यांनी जे बस्तान बसवलं, त्याचा बराचसा भाग ऑरेगन राज्यातल्या वास्को काउंटीत येतो. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. गोव्यातल्या वास्कोशी या नावाचा काही संबंध नाही. कोलंबिया नदीकाठच्या वास्को या आदिवासी जमातीवरून ते पडलं. आपल्याकडे या काउंटीचं नाव निघतं ते आश्रमापुरतं. पण तिथली सगळ्यात मोठी घटना तो आश्रम नव्हे, असं मला वाटतं.

११ जानेवारी १८५४ रोजी काउंटी स्थापन झाली, तेव्हा ती कॅस्केड डोंगरांपासून थेट रॉकी पर्वतापर्यंत पसरली होती. सुमारे १ लाख ३० हजार चौरस मैल, म्हणजे अख्ख्या महाराष्ट्राहून मोठी! पुढे तुकडे पडत पडत आज जेमतेम २,४०० चौरस मैल उरली आहे. मुख्य ठिकाण द डॅल्स. पूर्वेकडून छपराच्या गाड्या घेऊन आलेली कुटुंबं इथे अडायची. मग गाडी तराफ्यावर चढवून नदीतून न्यायची, नाहीतर १८४६ नंतर टोल भरून बार्लो रस्त्याने डोंगर ओलांडायचा.

१८५५ च्या तहात वास्को आणि शेजारच्या जमातींनी जमीन सोडली, पण पूर्वापार जागी मासे धरायचा हक्क राखून ठेवला. यातली सगळ्यात मोठी जागा म्हणजे सेलायलो धबधबा. फेसाळत्या पाण्यावर लाकडी मचाणं बांधलेली असत. कमरेला दोर बांधलेला माणूस लांब दांड्याची जाळी प्रवाहात घाली आणि धबधबा चढू पाहणारा सॅमन मासा तीत अडके. हजारो वर्षं हे चाललं. सुकवून कुटलेल्या सॅमनच्या व्यापारासाठी लांबलांबच्या जमाती इथे येत. १० मार्च १९५७ रोजी द डॅल्स धरणाचे दरवाजे बंद झाले आणि काही तासांत धबधबा बुडाला. काठावर उभे राहून लोकांनी तो बुडताना पाहिला. चार जमातींना मिळून सुमारे २ कोटी ७० लाख डॉलर भरपाई मिळाली. बुडीत क्षेत्र, मोबदला, हलवलेलं गाव : कोयनाकाठच्या माणसाला यातलं काहीच समजावून सांगावं लागणार नाही.

दक्षिणेचं शॅनिको गाव १९०० साली रेल्वे आल्यावर लोकरीच्या बाजारामुळे भरभराटलं, आणि दुसऱ्या मार्गाने रेल्वे पुढे गेल्यावर ओसाड पडलं.

याच भागातल्या माळरानावर ६४ हजार एकरांचा बिग मडी रँच, म्हणजे गुरं पाळायची अवाढव्य शेतवाडी, रजनीशांच्या अनुयायांनी ५७ लाख ५० हजार डॉलरना घेतला. जवळच्या अँटिलोपमध्ये चाळीसेक माणसं, बरीचशी निवृत्त. मतांच्या जोरावर संन्याशांनी गावची सत्ता घेतली आणि १९८४ मध्ये गावाचं नावच 'रजनीश' करून टाकलं. मग काउंटीच्या तीन जणांच्या मंडळातल्या दोन जागांवर डोळा ठेवून, मतदारच आजारी पाडायचे असा बेत शिजला. त्या सप्टेंबरात द डॅल्समधल्या दहा उपाहारगृहांच्या सॅलडमध्ये साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू कालवला गेला. ७५१ जण आजारी पडले. मेलं कोणी नाही. निवडणूकही हाती लागली नाही. १९८५ अखेर रजनीशांना देश सोडावा लागला आणि गावाने आपलं जुनं नाव परत घेतलं. आज त्या रँचवर ख्रिस्ती तरुणांची शिबिरं भरतात.

धरणाच्या स्वस्त विजेमुळे अॅल्युमिनियमचा कारखाना आला नि बंद पडला. २००६ पासून गूगलची डेटा केंद्रं आहेत. द डॅल्स शहराच्या पाण्यातला चौथ्या हिश्शाहून जास्त वाटा तीच पितात. नदीच्या थोडं वर, सेलायलो गावात, अजूनही दर एप्रिलमध्ये वर्षाच्या पहिल्या सॅमनची पंगत बसते.