मेक्सिकोच्या किनाऱ्यावर बॅकपॅकिंग: ग्रुपमध्ये व्हिसा कुणाला लागतो, कुणाला नाही आणि कागद काय काय

आधी एक गोष्ट, तिकीट बुक करू नका. कॅनकूनला उतरायचं, मग प्लाया देल कार्मेन, तुलुम, खाली बाकलारचा तलाव आणि पैसे उरले तर पॅसिफिकच्या बाजूला पोर्तो एस्कोंदिदो आणि माझुंते, असा प्लॅन झाला की ग्रुपवर कुणीतरी लगेच स्वस्त तिकिटाची लिंक टाकतोच. आमच्याकडे पण टाकली होती, ह्यूस्टनवरून जाणारी, भारी दर होता, आणि दोघं पैसे भरणार तेवढ्यात तिसऱ्याने विचारलं की अरे माझ्याकडे तर अमेरिकेचा व्हिसाच नाही, मग मी ह्यूस्टनला उतरणार कसा? अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं असलं तरी भारतीय पासपोर्टवाल्याला व्हिसा लागतो, एअरपोर्टच्या बाहेर पडा नाहीतर पडू नका. तर पहिलं काम म्हणजे ग्रुपमधल्या प्रत्येकाचा पासपोर्ट उघडून आत काय चिकटवलंय ते बघणं.

कारण मेक्सिकोचा नियम तसा सोपा आहे. भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो, पण अमेरिका, कॅनडा, युके, जपान किंवा युरोपातल्या शेंगेन देशांपैकी कुठलाही चालू व्हिसा असेल तर मेक्सिकोचा वेगळा काढावा लागत नाही, फिरायला १८० दिवसांपर्यंत राहता येतं. यातल्या एखाद्या देशाचं परमनंट रेसिडन्स असेल तरी चालतं, आणि चिली, कोलंबिया, पेरूचं असेल तरी. म्हणजे ज्याच्याकडे आईबाबांसोबत काढलेला अमेरिकेचा दहा वर्षांचा बी१/बी२ म्हणजे फिरायला जायचा व्हिसा आहे तो सुटला. तो व्हिसा जुन्या संपलेल्या पासपोर्टमध्ये असेल तर दोन्ही पासपोर्ट सोबत घ्या, नवीन एकटाच घेऊन गेलात तर मुंबईच्या चेक-इन काउंटरलाच अडकाल. व्हिसा मल्टिपल एंट्री असेल तर डोक्याला ताप नाही, एकदा वापरून झालेल्या सिंगल एंट्रीच्या भरवशावर मी तरी जाणार नाही.

आता अमेरिकेतल्या आपल्या लोकांचं, कारण गोंधळ सगळ्यात जास्त तिथेच होतो. आमचा चौथा डॅलसला एच-१बी वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर. तो म्हणे माझं काय टेन्शन नाही, माझं आय-७९७ अप्रूव्ह आहे. पण भावा, पासपोर्टमधला व्हिसाचा स्टँप कधीच संपलाय! आय-७९७ हा तुझ्या तिथे राहायच्या स्टेटसचा कागद, तो व्हिसा नव्हे, आणि मेक्सिकोला व्हिसा बघायचा असतो. ईएडी कार्ड, म्हणजे तिथे काम करायच्या परवानगीचं कार्ड, ते पण चालत नाही. ग्रीन कार्ड चालतं, ओरिजिनल सोबत ठेवायचं. यात लोकांची गल्लत होते ती ऑटोमॅटिक रीव्हॅलिडेशनवरून. मेक्सिकोत ३० दिवसांपर्यंत जाऊन संपलेल्या स्टँपवर अमेरिकेत परत येता येतं असा नियम आहे, पण तो अमेरिकेचा नियम आहे, परत येण्याचा. मेक्सिकोत आत शिरायला त्याचा काही उपयोग नाही. अशांनी आपल्या भागातल्या मेक्सिकन कॉन्सुलेटमध्ये व्हिसाचा अर्ज करायचा. आणि एफ-१ वाल्यांनी, म्हणजे स्टुडंट व्हिसावाल्यांनी, निघायच्या आधी आय-२० या कॉलेजच्या फॉर्मवर कॉलेजची ट्रॅव्हल सही ताजी आहे ना ते बघा, ती साधारण वर्षभर चालते.

बाकी ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांचा रस्ता भारतातल्या मेक्सिकोच्या वकिलातीतून जातो. व्हिसाचं नाव लांबलचक आहे, पगारी काम न करता राहणारा पाहुणा अशा अर्थाचं, पण आपल्यासाठी टुरिस्ट व्हिसाच. आधी ऑनलाइन अपॉइंटमेंट, मग प्रत्येकाने स्वतः हजर राहायचं, फोटो, बोटांचे ठसे आणि छोटी मुलाखत. चौघांच्या वतीने एकटा गेला असं होत नाही. अपॉइंटमेंट मिळणं हाच खरा अडथळा आहे, म्हणून डिसेंबर-जानेवारीत जायचं असेल तर गणपती संपले की लगेच शोधायला लागा. त्या काळात जाणं बरंही पडतं, कारण जून ते नोव्हेंबर तिकडे चक्रीवादळांचा मोसम असतो आणि उन्हाळ्यात कॅरिबियनच्या किनाऱ्यावर सारगासो नावाचं तपकिरी शेवाळ ढिगाने येऊन पडतं, वास पण येतो.

कागदांचं म्हणाल तर सही केलेला फॉर्म, पासपोर्ट आणि त्याची झेरॉक्स, पांढऱ्या बॅकग्राउंडवर चष्मा न लावता काढलेला रंगीत फोटो. फोटोचा साइज जास्तीत जास्त ३.९ बाय ३.१ सेंटीमीटर, आपल्या नेहमीच्या पासपोर्ट फोटोपेक्षा लहान, म्हणून स्टुडिओवाल्याला आकडा लिहूनच द्या, नाहीतर तो सवयीने साडेतीन-साडेचारचाच कापून देतो. फी तिथेच भरायची असते. ती दरवर्षी बदलते, त्यामुळे दोन वर्षांपूर्वीच्या व्हिडिओत बघितलेल्या आकड्यावर जाऊ नका.

मग पैशाचा पुरावा, आणि बजेट ट्रिपवाल्यांची खरी गंमत इथे आहे. तुम्ही हॉस्टेलच्या डॉर्ममध्ये झोपणार, रस्त्यावरचे ताको खाणार, गावातल्या गावात कोलेक्तिवो म्हणजे आपल्या वडापसारख्या गाडीतून फिरणार, रोजचा खर्च किती कमी येणार हे तुम्हाला माहितीये, पण वकिलातीला त्याच्याशी घेणंदेणं नाही. त्यांना मागच्या तीन महिन्यांतला बॅलन्स किंवा पगार बघायचा असतो आणि त्याची ठरलेली मर्यादा असते. तीन महिन्यांची सरासरी बघतात, त्यामुळे आदल्या आठवड्यात बाबांनी खात्यात दोन लाख टाकले तर त्याने काम होत नाही, उलट ती एंट्री डोळ्यात भरते. नोकरी असेल तर तीन पगाराच्या स्लिपा, कंपनीचं पत्र ज्यात पगार, किती वर्षं आहात आणि रजा मंजूर आहे हे लिहिलेलं हवं, आणि बँकेचं स्टेटमेंट शिक्का मारलेलं. धंदा असेल तर आयटी रिटर्न आणि दुकानाचा गुमास्ता. गुमास्ता मराठीत असेल तर इंग्रजी किंवा स्पॅनिश भाषांतर जोडा, हे नाशिकच्या मित्राला ऐनवेळी कळलं आणि दिल्लीत एका दिवसात भाषांतर करून देणारा शोधत फिरावं लागलं.

राहण्याचं बुकिंग दाखवताना फ्री कॅन्सलेशन असलेलीच हॉस्टेल्स घ्या. अजून एक, बुकिंग एकाच्या नावावर आणि बाकी तिघं "गेस्ट" असं असतं ना, तसं नको. प्रत्येकाचं नाव कन्फर्मेशनवर आलं पाहिजे. सोबत एक पानाचा दिवसवार प्लॅन, आणि तो पटेल असा हवा, सकाळी बाकलार आणि रात्री पोर्तो एस्कोंदिदो असं लिहिलंत तर नकाशा माहिती असलेला माणूस हसेल, ते देशाचं दुसरं टोक आहे. किनाऱ्याकिनाऱ्याने एडीओ या कंपनीच्या बसेस चांगल्या आहेत. वाहाका शहरातून पोर्तो एस्कोंदिदोला पूर्वी सहा-सात तास घाट उतरावा लागायचा, २०२४ ला नवीन हायवे सुरू झाल्यापासून तीनेक तासांत होतं, त्यामुळे तो दिवस वाया धरू नका.

मुलाखतीनंतर निर्णयाला कायद्याने जास्तीत जास्त दहा कामाचे दिवस. व्हिसा हातात आल्यावर नाव आणि पासपोर्ट नंबर तिथेच काउंटरवर तपासा. मगच तिकीट, आणि कुणाकडेच अमेरिका-कॅनडाचा व्हिसा नसेल तर इस्तंबूलवरून बघा, टर्किशचं विमान मेक्सिको सिटी आणि कॅनकून दोन्हीकडे जातं, नुसतं विमान बदलायला तुर्कस्तानचा व्हिसा लागत नाही.

उतरल्यावर ऑफिसर विचारतो, किती दिवस, कुठे राहणार, परतीचं तिकीट. पहिल्या हॉस्टेलचा पत्ता प्रिंट करून हातात ठेवा, मोबाईल नेमका तेव्हाच बंद पडतो. तो शिक्क्यावर पेनाने एक आकडा लिहितो, तेवढे दिवस तुमचे. तो १८० असेलच असं नाही. आमच्यातल्या एकाला ३० लिहून दिले, बाकीच्यांना १८०, आणि हा आकडा नंतर वाढवता येत नाही, म्हणून खिडकीवरून हलायच्या आधी वाचा, कमी असेल तर परतीचं तिकीट दाखवून तिथेच नम्रपणे विचारा. जमिनीवरून, म्हणजे बेलीझकडून चेतुमालला आलात तर कागदी एफएमएम म्हणजे प्रवेशाचा परवाना मिळतो, तो हरवला तर नवीन काढायला पैसे आणि अर्धा दिवस जातो. पलंगाच्या बदल्यात रिसेप्शनवर काम कर म्हणणारी हॉस्टेलं भेटतील, पण या व्हिसावर कामाची परवानगी नाही, फुकटच्या पलंगासाठी ती रिस्क घेऊ नका. आणि कॅनकून-तुलुमचं किंताना रो राज्य परदेशी लोकांकडून विजिताक्स नावाचा वेगळा कर घेतं, २०२१ पासून, तो सरकारी साइटवरच भरा, कारण सेम दिसणाऱ्या खासगी साइट जास्त पैसे लावतात.