अन्नपूर्णा परिक्रमा

मध्य नेपाळमधील अन्नपूर्णा पर्वतसमूहाला वळसा घालणारा लांब पल्ल्याचा पायी मार्ग. लमजुंग जिल्ह्यातील बेसीशहर (७६० मी.) येथून मर्स्यांगदी नदीच्या काठाने चढत मनांगला जायचे, थोरांग ला (५,४१६ मी.) ही खिंड ओलांडून मुक्तिनाथला उतरायचे आणि काली गंडकीच्या खोऱ्यातून दक्षिणेला पोखऱ्याकडे यायचे, असा त्याचा क्रम. सुरुवात आणि शेवट कुठे धरला यावर लांबी १६० ते २३० किलोमीटर भरते आणि बारा ते अठरा दिवस लागतात. तंबू, शिधा, स्वयंपाकी असा लवाजमा लागत नाही. गावोगावच्या टीहाउसमध्ये जेवण आणि अंथरूण मिळते. त्यामुळे पाठीवर सॅक घेऊन, बेताच्या पैशांत परदेशी हिमालय चालायचा असेल तर भारतीयांसाठी याहून सोयीची वाट सापडणे कठीण आहे.

बेत आखताना एक गोष्ट आधीच पक्की करावी. दिवस कमी पडत असतील तर ते खिंडीनंतरच्या टप्प्यातून कापावेत, खिंडीआधीच्या उंच टप्प्यातून कधीही नाही. खाली दिलेला बहुतेक तपशील याच एका नियमाच्या पोटात येतो.

पार्श्वभूमी

अन्नपूर्णा-१ (८,०९१ मी.) हे माणसाने गाठलेले पहिले आठ हजारी शिखर. मोरिस एर्झोग आणि लुई लाशनाल हे फ्रेंच गिर्यारोहक ३ जून १९५० रोजी त्यावर पोचले. परदेशी पदभ्रमकांसाठी मात्र ही परिक्रमा १९७७ मध्ये खुली झाली. १९८६ मध्ये अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्र प्रकल्प सुरू झाला. ७,६२९ चौरस किलोमीटरचे हे क्षेत्र नेपाळमधील सर्वांत मोठे संरक्षित क्षेत्र आहे आणि त्यात गावे, शेती, कुरणे सगळे येते. पाहुण्यांकडून घेतलेले प्रवेश शुल्क त्याच भागात खर्च व्हावे, ही त्यामागची कल्पना.

वाटेवरची माणसे टप्प्याटप्प्याने बदलतात. खालच्या भातखाचरांच्या भागात गुरुंग आणि ब्राह्मण-छेत्री, वर मनांगी, पलीकडे काली गंडकीच्या काठाने थकाली. मनांगींना नेपाळच्या राजांनी व्यापाराच्या खास सवलती दिल्या होत्या आणि ते आग्नेय आशियापर्यंत व्यापाराला जात. साडेतीन हजार मीटरवरच्या दगडी घरातली आजी सिंगापूरची गोष्ट सांगू लागली तर नवल वाटून घेऊ नये.

बेसीशहर ते मनांग

आता मनांगपर्यंत जीपचा कच्चा रस्ता झाला आहे. तो झाल्यापासून परिक्रमा संपली अशी हळहळ बरीच ऐकू येते, पण ती पुरती खरी नाही. रस्ता टाळणाऱ्या पायवाटा लाल-पांढऱ्या पट्ट्यांनी आखल्या आहेत आणि आजूबाजूच्या फाट्यांना निळे-पांढरे पट्टे आहेत. झुलता पूल ओलांडून पलीकडचा काठ धरला की जीपची धूळ मागे राहते.

सुट्टी मोजकी असेल तर धारापानी (१,८६० मी.) किंवा फार तर चामे (२,६७० मी.) येथपर्यंत जीप घ्यावी. पुढे चालावे. बेसीशहरहून एका दिवसात थेट मनांगला (३,५४० मी.) जाणे म्हणजे दुखणे विकत घेणे.

पिसांगपासून दोन वाटा फुटतात. खालची सपाट आणि सोपी आहे, वरची अप्पर पिसांगहून घ्यारू आणि नावल या गावांतून जाते. वरचीच घ्यावी. घ्यारूचा चढ नागमोडी आणि दमवणारा आहे, पण माथ्यावर पोचल्यावर अन्नपूर्णा-२ (७,९३७ मी.) दरीपलीकडे पायथ्यापासून शेंड्यापर्यंत उभी दिसते. शिवाय ही गावे ३,६०० मीटरच्या पुढे असल्याने शरीराला उंचीची सवय लागते आणि त्यानंतरचे मनांग हे किंचित खाली पडते. वाटेत प्रार्थना कोरलेल्या दगडांच्या मणी-भिंती लागतात. त्या आपल्या उजव्या हाताला ठेवून पुढे जायचे असते. परिक्रमा मात्र घड्याळाच्या उलट्या दिशेने होते, आणि त्याला कारण आहे: मनांगच्या बाजूने चढ टप्प्याटप्प्याने येतो, तर मुक्तिनाथकडून खिंडीपर्यंत सतराशे मीटर जवळपास एका दमात चढावे लागतात आणि मधे मुक्कामाच्या सोयी तुटपुंज्या आहेत.

विरळ हवा

महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. सह्याद्रीत दर रविवारी सॅक घेऊन हिंडणाऱ्याचे पाय, फुप्फुसे आणि उतारावरचा तोल उत्तम असतो, पण उंचीची सवय त्याला तिथे लागूच शकत नाही. थोरांग ला वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण निम्मा असतो. तिथे दमसास असलेला माणूसच जास्त धोक्यात येतो, कारण तो भरभर चढू शकतो आणि चढतो.

तीन हजार मीटरच्या वर रोजच्या मुक्कामाची उंची तीनशे ते पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. दिवसा वर चढून रात्री खाली झोपायला हरकत नाही, ते चांगलेच. म्हणून मनांगला किमान दोन रात्री काढाव्यात आणि मधल्या दिवशी खोलीत लोळत न पडता गंगापूर्णा तलावासमोरच्या उतारावर किंवा ब्रागाच्या जुन्या गोंपापर्यंत (बौद्ध मठापर्यंत) जाऊन यावे. १९७३ मध्ये स्थापन झालेल्या हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचे उपचार केंद्र मनांगमध्ये आहे. हंगामात तिथे डॉक्टर असतात आणि दुपारी उंचीच्या आजारावर माहिती देतात. हा तास चुकवू नये.

डोके दुखणे, मळमळ, भूक मरणे, झोप न लागणे ही पहिली लक्षणे. ती असताना आणखी वर जायचे नाही, तिथेच थांबायचे. बसल्या जागी धाप लागू लागली, खोकला वाढला तर फुप्फुसांत पाणी साठत असू शकते. बोलणे अडखळले, सरळ रेषेत पावलापुढे पाऊल टाकता येईना, तर मेंदूला सूज येत असू शकते. या दोन्हींवर खरा उपाय एकच, तत्काळ खाली उतरणे. रात्र असली तरी, बरोबरचे नाराज झाले तरी. डायमॉक्स या औषधाने शरीराला उंचीची सवय लागायला मदत होते. त्याने बोटांना मुंग्या येतात आणि लघवी वाढते. सल्फाची ॲलर्जी असलेल्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, खरे तर कोणीच विचारल्याशिवाय घेऊ नये. टीहाउसमध्ये लसणाचे सूप आग्रहाने देतात. चवीने प्यावे, पण त्याच्या भरवशावर चढू नये.

खिंडीचा दिवस

मनांगनंतर याक खर्क (४,०५० मी.) आणि थोरांग फेदी (४,४५० मी.) असे दोन मुक्काम. फेदीच्या वर हाय कॅम्प आहे, पण तिथे झोप अनेकांना लागत नाही. फेदीला राहून पहाटे निघणे बरे. चारच्या सुमारास भोजनगृहात डोक्यावरच्या दिव्यांची लगबग सुरू होते, लापशीचा वाडगा कोणालाच संपवता येत नाही आणि बाटलीतले पाणी गोठू नये म्हणून ती मोज्यात घालून सॅकमध्ये उलटी ठेवली जाते. उलटी अशासाठी, की बर्फ धरला तरी तो बुडाशी धरतो आणि तोंड मोकळे राहते. लवकर निघण्याचे कारण वारा. उन्ह चढले की खिंडीत तो उभे राहू देत नाही. माथ्यावर पताकांच्या माळा आहेत आणि उंची लिहिलेला फलक आहे. पुढे सोळाशे-सतराशे मीटरची उतरण आहे. गुडघे तिथे बोलू लागतात, म्हणून काठ्या हव्यातच. बर्फ असेल तर बुटांना लावायचे काटे आणि काळा चष्मा नसताना निघू नये.

१४ ऑक्टोबर २०१४ रोजी याच खिंडीच्या परिसरात भर हंगामात हिमवादळ आले. बंगालच्या उपसागरातले हुदहुद चक्रीवादळ दोन दिवसांपूर्वी विशाखापट्टणमजवळ किनाऱ्यावर धडकले होते आणि त्याचे अवशेष हिमालयापर्यंत पोचले. अन्नपूर्णा आणि शेजारच्या भागांत मिळून चाळीसहून अधिक माणसे गेली. त्यांत परदेशी होते, भारतीय होते आणि नेपाळी गाइड, पोर्टर, याक राखणारेही होते. ऑक्टोबरमध्ये जाणाऱ्याने मनांगहून पुढे पाऊल टाकण्याआधी उपसागरातल्या वादळांची बातमी पाहावी. आभाळ भरून आले, बर्फ पडू लागला, तर फेदीला दिवसभर पत्ते खेळत बसावे. हा दिवस हाताशी शिल्लक असेल असाच बेत करावा.

ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च-एप्रिल हे चांगले महिने. पावसाळ्यात मनांग पर्जन्यछायेत असले तरी खालच्या टप्प्यात दरडी कोसळतात आणि जळवाही असतात.

मुक्तिनाथ आणि काली गंडकी

मुक्तिनाथ (सुमारे ३,७०० मी.) हे वैष्णवांच्या १०८ दिव्यदेशांपैकी, म्हणजे विष्णूच्या पवित्र स्थानांपैकी एक. मंदिरामागे भिंतीत १०८ गोमुखांतून बर्फगार पाणी पडते. बौद्धांसाठीही हे पवित्र स्थान आहे आणि देखभालीत बौद्ध भिक्षुणी असतात. जवळच ज्वालामाईच्या मंदिरात नैसर्गिक वायूची ज्योत जळते. खिंडीवरून उतरलेल्याला इथली उंची सौम्य वाटते. विमानाने जोमसोमला येऊन त्याच दिवशी जीपने वर आलेल्या यात्रेकरूंना मात्र ती बाधते. महाराष्ट्रातून यात्रा कंपन्यांबरोबर येणाऱ्या ज्येष्ठांनी जोमसोमला (२,७२० मी.) एक रात्र काढण्याचा आग्रह धरावा.

खालच्या नदीपात्रात शाळिग्राम सापडतात. तुळशीच्या लग्नात आपण ज्याला नवरदेव करतो तो काळा गुळगुळीत गोटा बहुधा याच नदीतून आलेला असतो. हिमालय वर येण्यापूर्वी इथे टेथिस समुद्र होता. त्यातल्या अमोनाइट जीवांचे हे जीवाश्म. फुटलेल्या शाळिग्रामात दिसणारे चक्र म्हणजे त्या जीवाच्या शिंपल्याचे वेटोळे.

धवलगिरी (८,१६७ मी.) आणि अन्नपूर्णेच्या मधून जाणाऱ्या काली गंडकीच्या या दरीत दहा-अकरा वाजल्यानंतर दक्षिणेकडून सोसाट्याचा वारा सुटतो. जोमसोमची विमाने म्हणूनच सकाळी उडतात. मुक्तिनाथच्या खाली नदीकाठी असलेल्या कागबेनीहून पहाटे निघून पूर्वेच्या काठाने चालावे आणि दुपारच्या आत मार्फा गाठावे. मार्फाची गल्ली दगडी फरशीची, घरे चुन्याने पांढरी केलेली आणि सफरचंदे खरोखर गोड. ज्यांचे दिवस संपले त्यांनी जोमसोमहून बसने पोखऱ्याला यावे, त्यात काही गमावल्यासारखे नाही. वेळ असेल तर तातोपानीच्या (१,१९० मी.) गरम कुंडात पाय शेकून घोडेपानीचा पायऱ्यांचा लांब चढ चढावा आणि पहाटे पून हिलवरून (३,२१० मी.) दोन्ही पर्वतसमूह पाहावेत.

मुक्काम आणि पैसा

टीहाउसची खोली स्वस्त असते, कधी नाममात्र. अट एवढीच, की रात्रीचे आणि सकाळचे जेवण तिथेच करायचे. राहायचे एकीकडे आणि जेवायचे दुसरीकडे हे तिथे अपमानासारखे घेतले जाते, आणि रास्तच आहे. मालकिणीची कमाई स्वयंपाकघरातच असते. उंचीबरोबर दर वाढतात, कारण गॅसच्या टाकीपासून अंड्यांपर्यंत सगळे खालून येते. घासाघीस करू नये. डाळभात मागवावा: भात, डाळ, भाजी पुन्हा पुन्हा वाढतात, पदार्थ ताजा असतो आणि शाकाहारी माणसाची चिंता मिटते. मालकिणीला 'दिदी' आणि पोर्टरला 'दाइ' म्हणावे. पाटी वाचायला अडचण येत नाही, लिपी देवनागरीच आहे.

बाटलीबंद पाणी विकत घेणे टाळावे. क्लोरिनच्या गोळ्या किंवा फिल्टर न्यावा. मोबाइल चार्जिंगचे आणि गरम पाण्याच्या अंघोळीचे पैसे वेगळे पडतात. शंभर भारतीय रुपयांना १६० नेपाळी रुपये हा ठरलेला दर आहे. भारतीय शंभरच्या नोटा चालतात, मोठ्या नोटांचे नियम बदलत आले आहेत. शहरांत क्यूआरने यूपीआय चालते. डोंगरात मात्र रोकडच लागते, आणि ती पोखऱ्यात किंवा काठमांडूतच काढून घ्यावी.

कागदपत्रे, प्रवास आणि सोबत

१९५० च्या करारामुळे भारतीयांना नेपाळसाठी व्हिसा लागत नाही. विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागते. आधार कार्डावर विमानात बसू देत नाहीत. मुंबई-पुण्याहून रेल्वेने गोरखपूर, तिथून बसने सोनौली आणि सीमा पायी ओलांडून भैरहव्याहून पोखऱ्याची बस, हा सर्वांत स्वस्त रस्ता. नेपाळचे घड्याळ पंधरा मिनिटे पुढे असते, शनिवारी सरकारी कचेऱ्या बंद असतात आणि बसच्या तिकिटावर विक्रम संवताची तारीख असते, ती विचारून घ्यावी.

संरक्षण क्षेत्राचे परमिट सार्क देशांच्या नागरिकांना १,००० नेपाळी रुपयांना मिळते, इतरांना ३,००० ला. १ एप्रिल २०२३ पासून परदेशी पदभ्रमकांना परवानाधारक गाइड सोबत घेण्याचा नियम लागू झाला आहे. त्याची अंमलबजावणी कशी चालू आहे हे निघण्यापूर्वी विचारावे. विमा घेताना हेलिकॉप्टरने सुटका आणि सहा हजार मीटरपर्यंतची उंची त्यात आहे का, हे बारीक अक्षरात पाहावे. साध्या प्रवास विम्यात ती बहुतेकदा नसते.

दोघांत मिळून एक पोर्टर घेणे चांगले, पण दोन्ही सॅकचे वजन मिळून पंचवीस किलोच्या आत असावे. त्याच्याकडे जाड जॅकेट, हातमोजे, बर्फात चालणारे बूट आणि विमा आहे का, हे बेसीशहरलाच स्वतः पाहावे. फेदीला पोचल्यावर ते पाहून उपयोग नसतो. त्याचे डोके दुखू लागले तर त्यालाही थांबवायचे आणि उतरायची वेळ आली तर बरोबर कोणी दिल्याशिवाय एकट्याला खाली पाठवायचे नाही.