घाट उतरणारा ट्रक आणि नऊ कोटी ज्यूल

‘मिसिंग लिंक झाली की बोरघाटातले ब्रेक फेल संपले,’ असं हल्ली सर्रास ऐकू येतं. मिसिंग लिंक म्हणजे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरचा, घाटाला बगल देणारा खोपोली ते कुसगाव हा 13.3 किलोमीटरचा मार्ग; तो, त्यातला जवळजवळ नऊ किलोमीटरचा बोगदा, हे काम मला मनापासून आवडतं. वळणं टळतात, दरडीखालून जाणं टळतं, अंतर सहाएक किलोमीटरनं घटतं. उंची मात्र तेवढीच राहते. लोणावळा सुमारे 620 मीटरवर, खोपोली शंभराच्या आत. कुठूनही या, 500 मीटर उतरावेच लागतात.

दोन आसांचा, कायद्यानं चालतो तेवढा म्हणजे 18.5 टन वजनाचा ट्रक घ्या. वजन (किलोत), गुरुत्व आणि उंची यांचा गुणाकार, 18,500 × 9.8 × 500, म्हणजे उतरताना सुटणारी नऊ कोटी ज्यूल ऊर्जा. एवढ्यात 270 लिटर गार पाण्याला उकळी येईल. थोडा वाटा हवा आणि टायर घेतात, बाकीचा कुठेतरी जिरवावा लागतो. शंभर मीटरला चार मीटर अशा उतारावर ताशी 60 नं उतरताना ही उष्णता 120 किलोवॉटनं तयार होते, म्हणजे दोन किलोवॉटचे साठ गीझर एकदम चालू. वेग 30 वर आणला की तीसच गीझर.

सगळा भार पायब्रेकवर टाकला तर चाकाबरोबर फिरणारा ब्रेकचा ड्रम तापून फुगतो, त्यावर आतून घासणाऱ्या लायनरपासून दूर सरकतो. लायनरमधलं राळेसारखं बंधनद्रव्य जळून वायू सुटतो आणि घर्षणांक, म्हणजे पकड, घसरतो. घाटात काच खाली केल्यावर येणारा करपट वास तो हाच. पाय पूर्ण दाबलेला असतो, गाडी थांबत नाही.

म्हणून ‘ज्या गिअरमध्ये चढलात, त्यातच उतरा’. खालच्या गिअरमध्ये चाकंच इंजिनाला फिरवतात. एक्झॉस्ट ब्रेक धुराची वाट अडवतो, पिस्टन कोंडलेल्या हवेशी झगडतात आणि उष्णता रेडिएटर व सायलेन्सरवाटे निघून जाते. डिझेल वाचवायला न्यूट्रलला टाकणं तर उलटंच: गिअरमध्ये पाय काढला की आधुनिक इंजिन इंधन तोडतं, न्यूट्रलमध्ये मात्र जाळत राहतं.

2023 मध्ये समृद्धीवर सिंदखेडराजाजवळ अपघात टळावेत म्हणून महामृत्युंजय यंत्र बसवलं गेलं. ट्रकला लिंबू-मिरची तर रोजचीच. यातलं काहीही एक ज्यूल शोषत नाही.

रस्त्यानं द्यायच्या गोष्टी वेगळ्या आहेत: घाटमाथ्यावर ब्रेक निवायला थांबण्याची जागा, जड वाहनांना स्वतंत्र संथ मार्गिका, आणि ब्रेक गेलाच तर बाजूला वळून चाकं रुतवणारी, चढावरची सुट्या खडीची पट्टी.