इंजिनाचे अँटीफ्रीझ आणि आरव्हीच्या नळांचे अँटीफ्रीझ

हिवाळाभर आरव्ही (राहण्याची सोय असलेली मोठी गाडी) बंद ठेवायची तर तिच्या नळांच्या लाइनमध्ये पाणी राहता कामा नये. गोठताना पाणी साधारण 9 टक्के फुगते आणि पाइप, पंप, नळ फोडते. म्हणून आधी सगळे पाणी काढून टाकतात आणि मग लाइनमध्ये अँटीफ्रीझ, म्हणजे सहज न गोठणारा द्रव, भरतात. पण या एकाच नावाने दोन वेगळे द्रव विकले जातात, आणि त्यांची अदलाबदल जिवावर बेतू शकते.

रेडिएटरमध्ये घालतात ते बहुधा इथिलीन ग्लायकॉलचे असते. ते विषारी आहे. पोटात गेले की शरीरात त्याचे ऑक्झॅलिक आम्ल बनते, त्याचे स्फटिक मूत्रपिंडांत साचतात आणि मूत्रपिंडे निकामी होतात. त्यात चव गोड, म्हणून लहान मुले आणि कुत्री ते सहज पितात. ज्या नळाचे पाणी पुढे प्यायचे आहे, त्यात याचा थेंबही जाऊ देऊ नका.

नळांसाठी घ्यायचे ते प्रोपिलीन ग्लायकॉलचे. हा पदार्थ खाद्यपदार्थांत आणि औषधांतही वापरतात. हिवाळा सरल्यावर लाइन स्वच्छ पाण्याने नीट धुवायची.

‘आरव्हीचे गुलाबी, इंजिनाचे हिरवे’ या समजुतीवर अजिबात विसंबू नका. इंजिनाची गुलाबी अँटीफ्रीझही मिळतात. लेबलावरचे घटक वाचा. काही स्वस्त आरव्ही अँटीफ्रीझमध्ये इथेनॉल असते. ते ज्वलनशील असते आणि रबरी सील कोरडे पाडते. दुसऱ्यासाठी चार पैसे जास्त गेले तरी चालेल, पण मी ते घेणार नाही.

वापरातही फरक आहे. इंजिनाच्या कॉन्सन्ट्रेटमध्ये बहुधा निम्मे पाणी मिसळतात. आरव्हीचे तयारच येते, त्यात पाणी मिसळायचे नाही. वॉटर हीटरची टाकी रिकामी करून बायपास करा, नाहीतर ती भरण्यातच बरेचसे अँटीफ्रीझ संपेल.

आरव्हीच्या कॅनवर बहुधा उणे 50 असा आकडा असतो. तो फॅरनहाइटमध्ये, म्हणजे सुमारे उणे 46 सेल्सिअस. ती पाइप फुटण्यापासून संरक्षणाची मर्यादा आहे, गोठणबिंदू नव्हे. त्याच्या कितीतरी आधी, उणे 12 सेल्सिअसच्या आसपास, या द्रवाचा लगदा होऊ लागतो. एवढ्याने पाइप फुटत नाही, पण अशा वेळी पंप मात्र चालवू नका.