प्लाझ्मा: कोणाला, कधी आणि किती ताकदीचा?

"पेशंट व्हेंटिलेटरवर आहे, बी पॉझिटिव्ह प्लाझ्मा तातडीने हवा आहे." २०२१च्या एप्रिलमध्ये, कोविडच्या लाटेत, असे निरोप आपल्या सगळ्यांच्याच मोबाइलवर येत होते. अनोळखी माणसासाठी लोक रात्री-अपरात्री रक्तपेढी गाठत होते. तो चांगुलपणा खरा होता. पण प्लाझ्माने मध्यम आजारी रुग्णांचेही मृत्यू टळत नाहीत, हे त्याआधी सहा महिने आपल्याच देशातल्या चाचणीतून समोर आलं होतं. ही माहिती नातेवाइकांपर्यंत पोचायला हवी होती.

मूळ कल्पना मात्र भक्कम आहे. विषाणू शरीरात शिरला की त्याच्याविरुद्ध पुरेशा अँटीबॉडी, म्हणजे विषाणूला अडवणारी प्रथिनं, तयार व्हायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. बऱ्या झालेल्या माणसाच्या रक्तात त्या तयार असतात. रक्ताचा पेशी वगळून उरलेला पिवळसर द्रवभाग म्हणजे प्लाझ्मा, आणि अँटीबॉडी त्यातच असतात. मग त्या उसन्या का घेऊ नयेत? १८९०मध्ये बर्लिनला एमिल फॉन बेरिंग आणि किटासाटो शिबासाबुरो यांनी धनुर्वात आणि घटसर्पाबाबत प्राण्यांवर हेच करून दाखवलं. आपल्याकडे सर्पदंशावर दिलं जाणारं प्रतिविष घोड्यांच्या रक्तातून मिळतं, तेही याच तत्त्वावर चालतं. १९१८च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत न्यूमोनिया झालेल्यांना बऱ्या झालेल्यांचं रक्त किंवा सीरम दिलं गेलं. त्या काळच्या आठ अभ्यासांची २००६मध्ये एकत्र मांडणी झाली, तेव्हा उपचार घेतलेल्यांत १६ टक्के आणि न घेतलेल्यांत ३७ टक्के मृत्यू दिसले. पण ते अभ्यास आजच्या शिस्तीचे नव्हते. कोणाला उपचार द्यायचा हे चिठ्ठी टाकून ठरलेलं नव्हतं, त्यामुळे त्या आकड्यांवर फार भार टाकता येत नाही. एक गोष्ट तेव्हाही दिसली होती: पहिल्या चार दिवसांत उपचार मिळालेले रुग्ण उशिरा मिळालेल्यांपेक्षा जास्त वाचले.

प्लाझ्मा देणाऱ्याच्या एका हातातून रक्त यंत्रात जातं. तिथे भांडं वेगाने फिरतं, जड पेशी बाजूला होतात, प्लाझ्मा पिशवीत उतरतो आणि पेशी दात्याला परत मिळतात. तासाभरात चारशे-पाचशे मिलिलिटर, म्हणजे दोन डोसांपुरता प्लाझ्मा गोळा होतो. तो गोठवून ठेवतात आणि देण्याआधी ३७ अंशांच्या पाण्यात वितळवतात. गरोदर राहिलेल्या स्त्रियांच्या रक्तात दुसऱ्याच्या फुफ्फुसांना घातक ठरू शकणाऱ्या अँटीबॉडी असू शकतात, म्हणून त्यांचा प्लाझ्मा सहसा घेत नाहीत. रक्तगटाचा हिशेबही इथे उलटा असतो. लाल पेशींसाठी ओ गट सगळ्यांना चालतो, प्लाझ्मासाठी एबी.

आता त्या चाचणीकडे येऊ. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने एप्रिल ते जुलै २०२०मध्ये देशातल्या ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर ती केली. दोनशे मिलिलिटरचे दोन डोस, २४ तासांच्या अंतराने. महिनाभरात आजार गंभीर झालेले किंवा दगावलेले रुग्ण प्लाझ्मा गटात १९ टक्के, प्लाझ्मा न दिलेल्या गटात १८ टक्के. मला त्यातला सगळ्यात बोलका वाटतो तो पुढचा भाग. रक्त तपासलं तेव्हा कळलं, की ८३ टक्के रुग्णांच्या शरीरात विषाणू रोखणाऱ्या अँटीबॉडी आधीच होत्या. त्यांच्या रक्तातल्या या अँटीबॉडींची मधली पातळी साधारण १:९० निघाली, म्हणजे नव्वदपट पातळ केल्यावरही ते विषाणूला अडवत होतं. दात्यांच्या प्लाझ्माची पातळी होती १:४०. घेणाऱ्याकडे देणाऱ्यापेक्षा जास्त होतं! बहुतेक दात्यांचा आजार सौम्य होता, आणि सौम्य आजारात अँटीबॉडी बऱ्याचदा कमी बनतात. पिशवी लावण्याआधी ही ताकद मोजायची सोय तेव्हा नव्हती.

ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत चांगल्या ताकदीचा प्लाझ्मा वापरला होता आणि रुग्ण होते साडेअकरा हजार. तरीही २८ दिवसांतले मृत्यू दोन्ही गटांत २४ टक्के. कारण वेळेचं आहे. पहिल्या आठवड्यात विषाणू वाढत असतो, तेव्हा अँटीबॉडी त्याला पेशींत शिरण्याआधी गाठतात. नंतर फुफ्फुसांची नासाडी बऱ्याच अंशी शरीराच्या स्वतःच्या बेभान प्रतिकारामुळे होते. तिथे तो प्रतिकार आवरणारं डेक्सामेथासोनसारखं स्वस्त स्टेरॉइड कामी येतं, अँटीबॉडी म्हणजे वरातीमागून घोडं.

लवकर दिल्यावर काय होतं, हे अर्जेंटिनात दिसलं. १६० वृद्धांना लक्षणं सुरू झाल्यापासून ७२ तासांच्या आत भरपूर अँटीबॉडी असलेला प्लाझ्मा किंवा नुसतं सलाइन दिलं. श्वसनाचा गंभीर त्रास प्लाझ्मा गटात १६ टक्क्यांना झाला, दुसऱ्या गटात ३१. अडचण अशी, की तिसऱ्या दिवशी रुग्ण घरी ताप उतरायची वाट बघत असतो. प्लाझ्माची आठवण ऑक्सिजन घसरल्यावर होते.

तरी "व्हेंटिलेटर लागला की उपयोग शून्य" असंही म्हणता येत नाही. २०२३मध्ये बेल्जियमच्या चाचणीत व्हेंटिलेटरवरच्या ४७५ रुग्णांत प्लाझ्मा घेणाऱ्यांचे मृत्यू ३५.४ टक्के आणि इतरांचे ४५ टक्के होते. फायदा मुख्यतः व्हेंटिलेटर लागल्यापासून ४८ तासांत प्लाझ्मा मिळालेल्यांना झाला, आणि तिथे प्रत्येक पिशवीची ताकद आधी मोजलेली होती. रक्ताच्या कर्करोगावरच्या उपचारांमुळे ज्यांना स्वतःच्या अँटीबॉडी बनवताच येत नाहीत, त्यांच्यासाठीही प्लाझ्माचा विचार होतो.

भारताने १७ मे २०२१ रोजी कोविडच्या उपचार-मार्गदर्शनातून प्लाझ्मा वगळला. सरसकट वापर थांबला हे बरंच झालं. पण ही वाट पुरती बुजवू नये. प्रयोगशाळेत बनवलेल्या कितीतरी अँटीबॉडी कोविडच्या विषाणूच्या ओमिक्रॉन या बदललेल्या रूपापुढे निकामी ठरल्या. नुकत्याच बऱ्या झालेल्या माणसाच्या रक्तात मात्र त्या वेळी फिरणाऱ्या विषाणूचीच ओळख असते. नवा विषाणू आला तर लस आणि औषध तयार होईपर्यंत हाताशी असेल ते हेच. त्यासाठी जिल्ह्याच्या रक्तपेढीला पिशवीतल्या अँटीबॉडी मोजता आल्या पाहिजेत, कमी ताकदीची पिशवी बाजूला काढता आली पाहिजे, आणि साठी ओलांडलेल्या रुग्णाची तपासणी ताप आल्याच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशीच झाली पाहिजे.