बोर्स्टल पद्धती

सराईत गुन्हेगारांच्या संगतीपासून दूर ठेवून, साधारणतः १६ ते २१ वर्षे वयाच्या अपराध्यांना शिक्षण, शिस्त व हस्तव्यवसाय यांद्वारे सुधारण्याची पद्धती. इंग्लंडमधील केंट परगण्यात रॉचेस्टरजवळ असलेल्या बोर्स्टल या खेड्यातील तुरुंगावरून हे नाव रूढ झाले.

तिच्या उगमाविषयी एकमत नाही. काही अभ्यासक न्यूयॉर्क राज्यातील एल्मायरा सुधारगृह (१८७६) हे तिचे मूळ मानतात. तेथे १६ ते ३० वर्षांच्या प्रथम अपराध्यांना अनिश्चित मुदतीची शिक्षा होई व वर्तनानुसार श्रेणी मिळे. इंग्लंडच्या तुरुंग आयोगाचे अध्यक्ष एव्हलिन रगल्स-ब्राइझ यांनी अमेरिकेस जाऊन ही व्यवस्था पाहिली होती. तथापि त्याआधीच, १८९५ मध्ये, इंग्लंडमधील तुरुंगांची पाहणी करणाऱ्या ग्लॅडस्टन समितीने तरुण अपराध्यांसाठी वेगळ्या सुधारसंस्थेची शिफारस केली होती. पूर्णतः अनिश्चित मुदत इंग्लंडने स्वीकारली नाही, हे लक्षात घेता कल्पना समितीची आणि श्रेणींचा तपशील एल्मायराचा, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. पहिला प्रयोग बेडफर्डच्या तुरुंगात झाला. बोर्स्टल येथील आरंभ कोठे १९०१, तर कोठे १९०२ असा दिला जातो. गुन्हे प्रतिबंधक अधिनियमाने (१९०८) तिला कायद्याचे अधिष्ठान दिले. मुदत संपण्यापूर्वी परवान्यावर सुटका आणि त्यानंतरची देखरेख हा या पद्धतीचा गाभा होय. १९२२ मध्ये तुरुंग आयुक्त झालेल्या अलेक्झांडर पॅटरसन यांनी निवासी शाळांच्या धर्तीवर गृहप्रमुख नेमले. १९८२ च्या अधिनियमाने इंग्लंडमध्ये ही शिक्षा रद्द झाली.

भारतात १९१९-२० च्या तुरुंग समितीनंतर मद्रास, पंजाब व बंगाल या प्रांतांनी असे कायदे केले. मुंबई इलाख्यात बोर्स्टल शाळा अधिनियम १९२९ मध्ये संमत झाला. इलाख्याची शाळा धारवाड येथे होती. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत धारवाड म्हैसूर राज्यात गेले. महाराष्ट्रात नाशिक येथील संस्था ‘किशोर सुधारालय’ म्हणून ओळखली जाते.

बाल न्याय अधिनियमाने (२०००) मुलींप्रमाणे मुलग्यांचीही बाल ठरण्याची वयोमर्यादा १८ केल्यावर १६ ते १८ हा गट बोर्स्टलच्या कक्षेबाहेर गेला. उरलेल्या १८ ते २१ वर्षांच्या गटाला अपराधी परिवीक्षा (कारावासाऐवजी देखरेखीखाली मुक्तता) अधिनियमाचे (१९५८) कलम ६ लागू होते. त्यानुसार जन्मठेपेस पात्र नसलेल्या अपराधात २१ वर्षांखालील व्यक्तीला कारावास द्यायचा असल्यास न्यायालयाला परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा लागतो व कारणे नोंदवावी लागतात.