महाबळेश्वर आणि क्षेत्र महाबळेश्वर: एका नावाची दोन गावं

कुणी महाबळेश्वरला जाऊन आलं की मी हमखास विचारते, "देवळात गेला होतात का?" बऱ्याच वेळा उलट प्रश्न येतो, "कुठलं देऊळ?" बोटिंग झालेलं असतं, स्ट्रॉबेरी क्रीम झालेलं असतं, चणे-चिक्की-चपलांची खरेदीही झालेली असते. पण ज्या देवाच्या नावाने आपण सुट्टी काढली, तो तिथून सहा किलोमीटरवर आहे, हे कुणी सांगितलेलंच नसतं.

एसटीचं तिकीट 'महाबळेश्वर' म्हणून काढलं की गाडी आपल्याला सोडते ती बाजारपेठेच्या गावात. हे गाव इंग्रजांच्या काळात वसलं. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याला इथली हवा मानवली. १८२९ मध्ये साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून ही जागा कंपनी सरकारने घेतली आणि बदल्यात वाईकडचं खंडाळा गाव दिलं. माल्कमच्या नावावरून या वस्तीला 'माल्कम पेठ' म्हणू लागले. लॉडविक, विल्सन, बॅबिंग्टन, आर्थर ही पॉइंटांची नावंही इंग्रजांच्याच राजवटीतली.

क्षेत्र महाबळेश्वर, म्हणजे लोक ज्याला 'जुनं महाबळेश्वर' म्हणतात ते, याच्या कितीतरी आधीचं. जानेवारी १६६५ मध्ये सूर्यग्रहणाच्या पर्वावर शिवाजी महाराजांनी जिजाऊंची सुवर्णतुला केली, ती इथे. माल्कम यायच्या दीडशेहून जास्त वर्षं आधी. तेव्हा पेठेच्या जागी जंगल होतं, आणि 'महाबळेश्वर' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे देऊळच यायचं. नाव देवाचं, गावाने ते पुढे उचललं. (कर्नाटकात गोकर्णालाही महाबळेश्वराचंच प्रसिद्ध देऊळ आहे. त्यामुळे घरातल्या वडीलधाऱ्यांनी नवस 'महाबळेश्वराचा' म्हटला, तर कुठल्या ते आधी विचारून घ्या.)

क्षेत्रात तीन मुख्य देवळं जवळजवळ आहेत: महाबळेश्वर, अतिबळेश्वर आणि पंचगंगा. महाबळेश्वराची पिंडी नेहमीसारखी गुळगुळीत, घडवलेली नाही. ती स्वयंभू मानतात. रुद्राक्षासारखा खडबडीत, खाचाखळग्यांचा दगड आहे. देवाचा पलंगही गाभाऱ्यात ठेवलेला असतो. रात्री नीट अंथरलेली चादर सकाळी चुरगळलेली दिसते, असं पुजारी सांगतात, आणि सांगताना त्यांचा आवाज आपोआप खाली येतो.

पण माझा जीव अडकतो पंचगंगेपाशी. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम इथे मानतात. पाण्याच्या ओळीत सात धारा आहेत. उरलेल्या दोन सरस्वती आणि भागीरथी. त्या ठरावीक वर्षांनीच वाहतात अशी श्रद्धा आहे. सगळं पाणी एकत्र होऊन गोमुखातून कुंडात पडतं. तिथे उभं राहून या नद्या पुढे कुठे जातात ते आठवून बघा. वेण्णा मेढ्यावरून खाली उतरते आणि साताऱ्याजवळ संगम माहुलीला कृष्णेला मिळते. कोयना दक्षिणेला लांबचा फेरा घेऊन कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेच्या समोर येते. सावित्री मात्र पश्चिमेला कड्यावरून कोकणात उतरते आणि महाडवरून बाणकोटच्या खाडीत जाते. एका डोंगरावरून निघालेल्या बहिणींपैकी कृष्णा पार बंगालच्या उपसागराला मिळते, आणि सावित्री अरबी समुद्राला.

इथेच दुसरा एक घोळ होतो. 'वेण्णा लेकवर गेलो, म्हणजे नदीचा उगम पाहिला' असं काही जण समजतात. वेण्णा लेक हा बांधलेला तलाव आहे. साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी तो १८४२ मध्ये बांधवला. संध्याकाळी तिथे नाव वल्हवायला, मक्याचं कणीस खायला मजा येते, ती जरूर घ्या. उगमाचं दर्शन मात्र देवळातच.

पहिल्यांदा आईला घेऊन गेले तेव्हा आम्ही पॉइंट दाखवणारी गाडी केली होती. क्षेत्राशी गाडी थांबली आणि आम्हाला सांगण्यात आलं, "दर्शन वीस मिनिटांत आटपा." आई गोमुखापाशी ओंजळ धरून उभी, आणि बाहेर हॉर्न वाजतोय. कृष्णाबाईचं देऊळ राहूनच गेलं. पंचगंगेच्या मागून थोडं चालत गेलं की ते लागतं, आणि रांगेतल्या बहुतेकांना ते माहीतच नसतं. काळ्या दगडाचं, शेवाळाने हिरवं झालेलं. आत पिंडी, कोरीव खांब आणि छत, पुढे दगडी कुंड, त्यात गोमुखातून पडणारी बारीक धार. देवळापुढे कृष्णेचं खोरं उघडतं. दुसऱ्या वेळी आम्ही सकाळी सातलाच पोचलो. तासभर कुणीही नव्हतं. फक्त त्या धारेचा आवाज.

आता बेत आखायचा तर आधी दिशा समजून घ्या, कारण पॉइंटही या दोन गावांत वाटले गेले आहेत. क्षेत्राच्याच रस्त्याने पुढे गेलं की एल्फिन्स्टन पॉइंट आणि आर्थर सीट लागतात. आर्थर सीट पेठेपासून सुमारे बारा किलोमीटर. सावित्रीचं खोल खोरं तिथूनच दिसतं. खालून वर येणाऱ्या वाऱ्यात हलकी वस्तू टाकली की ती परत वर येते, म्हणून लोक बाटल्यांची झाकणं फेकतात. कृपा करून फेकू नका. ती शेवटी खालच्या खोऱ्यातच जातात, सावित्रीच्या पाण्यात. मुंबई पॉइंट, लॉडविक पॉइंट आणि विल्सन पॉइंट पेठेच्या बाजूला आहेत. सूर्यास्ताला मुंबई पॉइंट, सूर्योदयाला विल्सन. लिंगमळा धबधबा पाचगणीच्या रस्त्यावर, तो येता-जाता होतो.

म्हणून सकाळी लवकर क्षेत्र, तिथूनच आर्थर सीट, दुपारी परत येऊन जेवण, आणि संध्याकाळी मुंबई पॉइंट व बाजार. याच्या उलट केलंत तर देवळात नेमक्या गर्दीच्या वेळी पोचाल आणि आर्थर सीटला ऊन डोक्यावर असेल.

राहण्याची खोली घेताना पत्ता दोनदा वाचा. 'जुन्या महाबळेश्वर रस्त्यावर' असं लिहिलेलं असेल, तर रात्री जेवून पेठेत पायी फिरायचं शक्य होणार नाही. अंधार, धुकं आणि गव्यांचीही भीती. लहान मुलं आणि बाजाराची हौस असेल तर पेठेत राहा. वयस्कर माणसं पहाटेच्या दर्शनासाठी आली असतील तर क्षेत्राकडे राहणंच सोयीचं.

पावसाळ्यात इथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि पॉइंटांवर पांढऱ्या ढगाशिवाय काही दिसत नाही. पंचगंगेला मात्र तेव्हाच जावं. गोमुखातली धार एरवीपेक्षा जोरात पडते आणि दगडी फरशीवरून पाणी पायांना लागत वाहतं. आईने त्या वेळी भरून आणलेली बाटली आमच्या देवघरात अजून आहे.